धर्म नाही म्हणून प्रार्थनाही नाही?

धर्म सोडला की प्रार्थनेला अर्थच उरत नाही असं एका लेखात वाचलं, पण हा मुद्दा मला काही पटला नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या २०१२ च्या सर्व्हेत कुठलाच धर्म न सांगणाऱ्यांपैकी २१ टक्के लोक रोज प्रार्थना करतात असं निघालं होतं, म्हणजे असे सगळे नास्तिकच असतात हे गृहीतकच चुकीचं. आता ऐकणारं कोणी आहे की नाही ते मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर ते ठरवायची घाईही नाही, पण थोडा वेळ गप्प बसून आपल्याला नक्की कशाची भीती वाटतेय, कोणावर राग आहे, कोणाचे आभार मानायचे राहिलेत हे मनातल्या मनात नीट शब्दांत मांडलं की डोक्यातला गोंधळ बराच कमी होतो, आणि हे दे ते दे हळूहळू आपोआपच मागे पडतं. अडचण वेगळीच आहे. धर्मात वेळ, शब्द, सोबतची माणसं सगळं रेडीमेड मिळतं, इथे चार दिवसांत कंटाळा आला तरी विचारणारं कोणी नसतं. त्यामुळे वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी अ‍ॅपची सबस्क्रिप्शन वगैरे कशाला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी पुरे!