शाल कशासाठी होती, सर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. पण मन दुखावलेलं असताना लिहिलेलं पाठवायचं नाही असं ठरवलेलं आहे, म्हणून चार दिवस जाऊ दिले.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीसमोर सात जणांचा सत्कार झाला. पाच बायका आणि दोन पुरुष, सगळे तिशी-पंचेचाळिशीतले, सगळ्यांनी घर, शेत, मजुरी सांभाळून बी.ए. पूर्ण केलं. मी त्यावर लिहिलं. त्यावर सरांनी, जे स्वतः निवृत्त शिक्षक आहेत, लिहिलं की मोबाईलवर व्हिडिओ बघून मिळालेल्या पदवीचे सोहळे करणं ही लोकांची दिशाभूल आहे. आमच्या वेळी रोज एसटीने वीस किलोमीटर जाऊन शिकलो, या कागदाला बाजारात किंमत नाही, चाळिशीत पदवी घेऊन करायचंय काय, उद्या डॉक्टरही मोबाईलवर होतील, आणि सत्कारच करायचा तर नोकरी लागल्यावर करा.

आधी माझी चूक कबूल करते. मी लेखात सरसकट ‘ऑनलाइन पदवी’ असा शब्द वापरला. तो बरोबर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत दूरशिक्षण आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत. या सातही जणांची नोंदणी दूरशिक्षणाची, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. व्याख्यानं, शंका, सूचना हे सगळं फोनवर झालं, पण परीक्षा तालुक्याच्या केंद्रावर, बाकावर बसून, पेनाने. ‘आता शहर गाठायची गरजच उरली नाही’ हे माझं वाक्यही चुकलं. गरज उरतेच, फक्त रोजची उरत नाही. दोन्ही वाक्यं दुरुस्त केली आहेत.

डॉक्टरांची काळजी मात्र सोडा. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देताच येत नाहीत, नियमातच बंदी आहे.

आता ‘व्हिडिओ बघून’ या शब्दांबद्दल. मी अभ्यासकेंद्रावर संमंत्रक आहे, राज्यशास्त्र शिकवते. त्या सातांपैकी एकजण द्राक्षबागेत मजुरीला जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात विरळणीचं काम असतं. मांडवाखाली दिवसभर हात वर धरून, बारीक कात्रीने घडातले दाणे काढायचे. संपर्कसत्राचे रविवार तिला जमेनात, तेव्हा मी एकेका घटकाचं बोलणं दहा-दहा मिनिटांत फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायला लागले. ती एकाच कानात इयरफोन घालायची, दुसरा कान मुकादमाच्या हाकेसाठी मोकळा. एकच घटक तीन-तीन दिवस ऐकायची. गावात रेंज पाण्याच्या टाकीपाशीच मिळते, म्हणून सकाळी नळाला जाताना डाउनलोड करून ठेवायची.

ऐकणं जमलं, लिहिणं अडलं. बारावीनंतर सतरा वर्षं सहीपलीकडे हातात पेन धरलेलं नव्हतं. पहिल्या सराव पेपरात पाऊण तासात बोटं आखडली. मग तिने मजुरीच्या हजेरीची जुनी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून रोज रात्री एक उत्तर लिहायला सुरुवात केली. ती वही मी पाहिली आहे. पुढून बघितलं तर कोण किती दिवस आलं, किती पैसे द्यायचे. मागून बघितलं तर ‘७३ व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये सांगा’. वहीच्या मध्यावर दोन्ही लिखाणं येऊन भेटली तेव्हा तिने नवीन वही घेतली. कात्रीने अंगठ्याला पडलेला घट्टा आणि पेनाने मधल्या बोटाला पडलेला घट्टा, दोन्ही तिने मला दाखवले.

सर, तुम्ही वीस किलोमीटर एसटीने गेलात, त्याचा मला आदर आहे. माझे वडीलही तसेच शिकले. पण तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होतात आणि घरी भाकरी दुसरं कुणीतरी थापत होतं. या बाईच्या घरी भाकरी तीच थापते.

बाजारातल्या किमतीबद्दल. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला राज्याच्या कायद्याने उभं राहिलं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरावी, हे अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीरपणे सांगितलं. तलाठी भरतीला पदवी लागते, राज्यसेवेला लागते, तिथे हा कागद चालतो. खासगी नोकरीत नाकं मुरडतात हे मात्र खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. सातांपैकी एकालाच आतापर्यंत पदवीचा नोकरीत उपयोग झाला आहे. बाकी सहाजण तिथेच आहेत, जिथे होते.

‘करायचंय काय’ याचं उत्तरही त्याच बाईकडून घ्या. स्थानिक स्वराज्य संस्थांचा घटक ऐकून झाल्यावर तिने मला फोन केला. “मॅडम, ग्रामसभा वर्षातून चार तरी व्हायला पाहिजेत ना? आणि तिच्याआधी बायकांची वेगळी?” मी हो म्हटलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, “आमच्याकडे बायकांची मी कधी बघितलीच नाही.” पुढच्या ग्रामसभेला ती अकरा बायका घेऊन गेली आणि महिला सभेचं इतिवृत्त दाखवा म्हणाली. वही निघाली. तिच्यात न झालेल्या सभेची नोंद होती आणि खाली सह्या होत्या, त्यात एक सही तिच्या सासूची. सासूबाई अंगठा लावतात, सर.

त्यानंतरच्या महिला सभेला मी स्वतः हजर होते. चौतीस बायका होत्या. पिण्याच्या पाण्याची दुसरी टाकी कुठे बांधायची यावर दीड तास भांडण झालं. मला ते सगळं भांडण लिहून ठेवावंसं वाटत होतं.

कॉपीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या बोलण्यामागे ती शंका आहे असं मला वाटतं. ती रास्त आहे. एका केंद्रावर पर्यवेक्षण करताना गाईडची फाडलेली पानं मी स्वतः गोळा केली आहेत. ‘फक्त फॉर्म भरा, बाकीचं आम्ही बघतो’ म्हणणारे तालुक्याच्या ठिकाणी फिरतात आणि मजुरी करणाऱ्यांकडून पैसे घेतात. त्यांचा मला मनापासून संताप आहे, कारण त्या हजेरीच्या वहीची किंमत ते घालवतात. तुम्हाला या कुणाविरुद्ध लिहायचं असेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. वाचकांपैकी कुणी प्रवेश घेणार असेल तर एवढं करा. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाला, त्या शिक्षणक्रमाला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का ते आधी बघा, आणि मगच पैसे भरा.

राहिला सत्कार. नोकरी लागल्यावर करा, असं तुम्ही म्हणता. तुम्ही शिक्षक होतात म्हणून तुम्हाला साताऱ्याची आठवण देते. १९५९ साली त्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावकरीच प्रौढांना शिकवत आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. तो समारंभ शोभेचा नव्हता. गावाने गावासमोर शब्द दिलेला असायचा, तो पाळल्याचं सगळ्यांदेखत सांगायचं असायचं, आणि ते बघून शेजारचं गाव कामाला लागायचं. त्या बायाबापड्यांना साक्षर झाल्यावर नोकऱ्या लागणार नव्हत्या, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या गावात हीच बाई पुस्तकांची पिशवी घेऊन निघाली की पारावरून आवाज यायचा, “निघाली कलेक्टरीण.” तीन वर्षं ऐकलं तिने. ज्या चौकात ऐकलं, त्याच चौकात तिच्या खांद्यावर शाल पडावी, इतकाच आमचा हट्ट होता. खर्चाचंही सांगते, कारण पंचायतीचा पैसा उधळला अशी चर्चा झाली. शाली, नारळ आणि पेढे बचत गटाने आणले. ३४० रुपये उरले, ते एका मुलीच्या परीक्षा फॉर्ममध्ये घातले. पंचायतीने फक्त ओटा दिला.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी या वर्षी सही शिकायची ठरवली आहे, सून शिकवते. आडनावातलं जोडाक्षर अजून जमत नाही.

तुमच्या मुक्कामाचं गाव आमच्यापासून फार लांब नसावं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. रविवारी अकरा वाजता आमचं संपर्कसत्र असतं. इंग्रजीला आमच्याकडे सध्या कुणी नाही. तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत असं लिहिलंय. दोन रविवार जरी आलात तरी पुष्कळ आहे. बस स्टँडवर घ्यायला मी येईन.