पाच गेले कुठं?

कालपासून मी एका नऊ वर्षांच्या मुलीशी अबोला धरलाय. तिला अजून ते कळलेलं नाही, हा भाग वेगळा.

रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) बंद करून व्यायाम सुरू करा म्हणून सांगितलं, चालायला जायचा मला कंटाळा, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी बेळगावच्या टिळकवाडीत टेनिसला नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी रॅकेट स्कूटरच्या पुढ्यात उभी ठेवून निघालो तर रेल्वे गेट पडलेलं. शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं रॅकेट निरखून बघितली आणि विचारलं, "चार्जिंग किती टिकतंय हो?" चार हजारांची रॅकेट, आणि ह्याला ती डास मारायची बॅट वाटली. "टिकतंय की बऱ्यापैकी," म्हणालो. गेट उघडेपर्यंत वाद कोण घालणार?

सरांनी दोन दिवस मला मोठ्यांत खेळवलं. तिसऱ्या दिवशी खांद्यावर हात ठेवून, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आपण थोडे दिवस ऑरेंज बॉलवर खेळूया." ऑरेंज बॉल म्हणजे नारिंगी-पिवळा मऊ चेंडू, नेहमीच्या चेंडूच्या निम्म्या वेगानं येणारा. तो आठ ते दहा वर्षांच्या पोरांसाठी असतो. मोठ्यांचं कोर्ट २३.७७ मीटर लांब, आमचं १८. जाळीसुद्धा ठेंगणी. फी तेवढी पूर्ण उंचीची. पोरांना सवलत आहे, मला नाही. कोर्टाचे पावणेसहा मीटर कापले तसे थोडे पैसेही कापा, असं मी सरांना अजून म्हटलेलं नाही. पण रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणतो.

काल त्या मुलीशी माझा गेम लागला. सर्व्हिस माझी. तिच्या बुटाची नाडी दोनदा सुटली, त्याच्या बळावर मी ३०-० वर होतो. (नाडी सुटली असताना सर्व्हिस मारू नये, असं ती म्हणाली. नियम मी नंतर वाचणार होतो.) तेवढ्यात जाळीच्या कुंपणापलीकडून आवाज आला.

"किती झाले हो?"

मफलर, स्वेटर, हातात दुधाची किटली. एका पतसंस्थेत छत्तीस वर्षं कॅशियर होते, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. रोज तिथं थांबून बघतात. आम्ही खेळतो ते खेळण्यासारखं आहे, असा त्यांचा गैरसमज असावा.

"तीस-शून्य," मी म्हणालो.

"दोनच तर बॉल झाले. तीस कसे?"

"एकाला पंधरा, काका."

"बरं. म्हणजे आता पंचेचाळीस होणार."

"चाळीस."

काकांनी किटली खाली ठेवली. माझा घात तिथंच झाला.

"पंधरा. पंधरा न् पंधरा तीस. तीस न् पंधरा?"

"टेनिसमध्ये चाळीस म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? मी हिशोब विचारूलालो, तुम्ही रीत सांगूलासा. पाच गेले कुठं?"

पूर्वी खरंच पंचेचाळीस म्हणायचे, बोलता बोलता चाळीस झालं, असं म्हणतात. तेच त्यांना सांगितलं. चूक केली.

"म्हणजे तोंडातल्या तोंडात पाच खाल्ले! अहो, आमच्याकडं पाच रुपये कमी आले तर मॅनेजर रात्री नऊपर्यंत बसवून ठेवायचा. आणि इथं सगळी दुनिया गप्प?"

मग त्यांनी फिरायला निघालेल्या एका गृहस्थांना अडवून कन्नडमधून सगळं प्रकरण समजावलं. ते गृहस्थ डोळे मिटून बोटांवर मोजत उभे राहिले आणि म्हणाले, "हौद्री, नलवत्तैदु आगबेकु." होय, पंचेचाळीसच व्हायला पाहिजेत. बेळगावात मराठी आणि कन्नड माणसाचं एखाद्या आकड्यावर भर रस्त्यात एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही माझ्या सर्व्हिसच्या वेळी.

"काका, मारा ना," पलीकडून मुलगी. मी चेंडू वर उडवला. तो सरळ वर जायला हवा, असं सर सांगतात. माझा मागं जातो. रॅकेट फिरवली ती हवेतच, आणि मानेवरून शर्टाच्या कॉलरला लागून तो खाली पडला. दुसरा जाळीत. डबल फॉल्ट, म्हणजे पॉइंट तिला.

"तीस-पंधरा," मी म्हणालो.

"हे बरोबर आहे," काका.

पुढच्या बॉलला तिनं असा काही फटका मारला की चेंडू रेषेवर पडून उडाला. मी आउट म्हणालो. ती म्हणाली, "लाइनला लागला, म्हणजे आत." नियम तोच आहे. चेंडूचा केस जरी रेषेला टेकला तरी आत.

"लाइनीवरचं आत धरतात?" काका कुंपणाला चिकटले. "मग आमचं काय? १९५६ साली लाइन मारली, दोन हजार चारपासून केस सुप्रीम कोर्टात. आम्ही लाइनीवर नाही तर कुठं आहोत?"

ते हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला मुळीच हसू येत नव्हतं. माझे वडील हेच वाक्य बोलत बोलत म्हातारे झाले. ह्या गावात साधा खेळ खेळायला जावं तरी मध्ये नकाशा येतो. शिवाय तो पॉइंट गेला होता. पुढचे दोनही गेले. कसे गेले ते लिहीत नाही.

"हरलेल्यानं बॉल वेचायचे, काका," मुलगी म्हणाली. हा नियम सरांनी केलेला नाही, पोरांनी केलाय. सर मोबाइलमध्ये बघत होते.

वेचले. गुडघे मोडत, कोपऱ्याकोपऱ्यातून, आंब्याच्या पाचोळ्यातून. बास्केटमध्ये चोवीस असतात. सरांनी मोजले.

"तेवीस. एक कमी आहे."

कुंपणापलीकडं किटली उचलल्याचा आवाज झाला.

"बघा," काका म्हणाले. "इथं सवयच आहे."