२५२०: रामानुजनांच्या नावावरचे चुकीचे श्रेय

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिवस जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यानुसार १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असे गणिती मानत होते. रामानुजनांनी २५२० ही अशी एकमेव संख्या शोधली, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात तिचे रहस्य आहे, असे त्यात सांगितलेले असते. याच शहरातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली रामानुजनांच्या वह्या छापील छायाप्रतींच्या रूपाने जगापुढे आणल्या. तिथेच त्यांच्याविषयी असे काही पसरावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

२५२० एकमेव नाही. ५०४०, ७५६० अशा तिच्या प्रत्येक पटीला १ ते १० ने भाग जातो. ती त्यांतील सर्वांत लहान, म्हणजे शाळेत शिकवला जाणारा लसावि आहे.

अशी संख्या अशक्य मानली जात होती, हेही खरे नाही. १ ते १० चा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० मिळतात. आदर्श नगरात ५०४० कुटुंबे असावीत असे सुचवताना प्लेटोने या संख्येला १ ते १० ने भाग जातो हेच कारण दिले होते.

राहिला कालगणनेचा मुद्दा. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६० म्हणजे ८ × ९ × ५. त्यामुळे १ ते १० पैकी फक्त ७ ने तिला भाग जात नाही, आणि आठवडा नेमका तोच ७ पुरवतो. यापलीकडे त्यात काही दडलेले नाही. शिवाय पंचांगातला चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि सौरवर्ष ३६० दिवसांचे नसते.

रामानुजनांचा २५२० शी खरा संबंध १९१५ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात आहे. स्वतःपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असलेल्या संख्यांना आपण अतिसंयुक्त म्हणू. २५२० ला ४८ विभाजक आहेत आणि ती या यादीत बसते. अशा संख्येच्या मूळ अवयवांचे घातांक लहान मूळ संख्येकडून मोठीकडे जाताना कधीच वाढत नाहीत (२५२० = २³ × ३² × ५ × ७, म्हणजे तिच्यात ते ३, २, १, १ आहेत), कारण वाढले तर त्यांची अदलाबदल करून तितक्याच विभाजकांची लहान संख्या बनवता येते; आणि ४ व ३६ वगळता शेवटचा घातांक नेहमी १ असतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या कोष्टकात अशा १०२ संख्या आहेत. त्यांतील शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८०० असून तिला १०,०८० विभाजक आहेत. संगणक नसताना केलेल्या या कोष्टकातून एक संख्या निसटली, २,९३,३१,८६,२५,६००, आणि तिला २३ ने गुणले की कोष्टकातली ती शेवटची संख्याच मिळते.