आईच्या दंडाची कातडी आणि अडीच हजाराची पावडर

परवा तासगावला माहेरी गेले होते, चहाची पावडर शोधताना हळदीच्या डब्यामागं एक गुलाबी खोकं सापडलं. कोलॅजन, म्हणजे कातडी-हाडांत असतं त्या प्रोटीनची पावडर. तीस पुड्या, अडीच हजार रुपये. आईला विचारलं तर म्हणते, "अगं त्या अमकीच्या सुनेनं दिलंय, गुडघं पण थांबतात म्हणं आणि तोंड पण उजळतंय." खोकं उलटं करून बघितलं तर कोपऱ्यात नॉनव्हेजची खूण असलेला तपकिरी त्रिकोण आणि बारीक अक्षरात मरीन, म्हणजे माशाच्या कातडीचं! आणि आमची आई माळकरी, गेली तीस वर्षं घरात अंडं फुटलेलं नाही. सांगितल्यावर जी काय ओरडली, विचारू नका. एकोणीस पुड्या पोटात गेल्या होत्या, रोज सकाळी हरिपाठ झाला की कोमट पाण्यातून 😅

आता ज्या बायका म्हणतील की आम्ही व्हेज कोलॅजन घेतो, त्यांच्यासाठी. कोलॅजन फक्त प्राण्यांच्या अंगात असतं, झाडात नसतं. व्हेज म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा व्हिटॅमिन सी आणि अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यापासून बनतं ते घटक) असतात, म्हणजे तुमच्या शरीरानं स्वतः बनवावं म्हणून सामान पुरवलेलं.

हे काही नवीन औषध नाही ओ. ग्रीकमध्ये कोला म्हणजे सरस, त्यावरून हे नाव पडलंय. लहानपणी आमच्या गल्लीतला सुतार सरस शिजवायला लागला की आम्ही नाक धरून पळायचो, तेच हे, जनावराची हाडं कातडी उकळून काढलेलं. पाया सूप गार झाल्यावर थलथलीत होतं ना, ते पण तेच. आपल्या अंगातल्या एकूण प्रोटीनपैकी साधारण ३० टक्के हेच असतं, कातडी, हाडं, कुर्चा, सगळीकडं. आणि त्याची रचना तिपेडी वेणीसारखी असते हे मद्रासमध्ये बसून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या दोघा शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलं. आपल्या माणसांचं काम आहे हे, पण इन्स्टावरच्या एका तरी रीलमध्ये त्यांचं नाव ऐकलंय का?

आता वय. तरुणपण सरायला लागलं की कातडीतलं कोलॅजन वर्षाला साधारण एक टक्क्यानं कमी होतं असं मानतात, आणि बाईची पाळी गेली की पहिल्या पाचेक वर्षांत ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. मी सत्तेचाळीसची आहे, मोबाईलला हे माझ्याआधी कळलंय, दिवसभर त्याच जाहिराती.

पण खरी गंमत मला आईच्या हातावर दिसली. अंघोळीनंतर ती पदर सावरत होती, दंडाचा झाकलेला भाग एकदम मऊ आणि कोपराच्या खाली हात बघाल तर वाळलेल्या बेदाण्यासारखा. बाई एकच, वय एकच, ७१. पण चाळीस वर्षं द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), काढणी, सगळं भर उन्हात! माझा मामा ट्रकवर होता, त्याचा खिडकीकडचा उजवा गाल डाव्यापेक्षा दहा वर्षं म्हातारा दिसायचा, आम्ही त्याला हसायचो. उन्हातली अतिनील किरणं कातडीतलं कोलॅजन तोडणारे एन्झाइम वाढवतात, सिगरेटचं पण तेच. म्हणजे खर्च एकीकडं आणि गळती दुसरीकडं, टाकीला भोक आणि आपण वरनं तांब्यानं पाणी ओततोय.

बरं पावडर पोटात गेल्यावर काय होतं? पचते. डाळीचं प्रोटीन पचतं तशीच, तुकडे होतात, काही छोटे तुकडे रक्तात सापडतात हे खरं आहे, पण ते आईच्या गालावरच जाऊन बसतील असा पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो. काही अभ्यासांत कातडीचा ओलावा थोडा सुधारला, गुडघेदुखी थोडी कमी झाली असं दिसलंय, पण बरेच अभ्यास छोटे आणि पैसा विकणाऱ्यांचाच. घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण अडीच हजारात किती महिन्यांची डाळ, शेंगदाणे, आवळे येतात ते बघा की. आवळा यासाठी की व्हिटॅमिन सी नसेल तर कोलॅजनची ती वेणी नीट वळतच नाही, जुन्या काळी जहाजावरच्या लोकांच्या हिरड्यांतनं रक्त यायचं, स्कर्व्ही, ते ह्याच्यामुळंच.

आईनं दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना उपास केला. गुडघ्यासाठी तिला सांगलीच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी वजन आणि मांडीचे व्यायाम सांगितलेत, तेवढे सोडून ती सगळं करते. बागेत जाताना मात्र दादांचा जुना फुल शर्ट साडीवरनं चढवते, हे मी न सांगता, कारण बागेतल्या बाकीच्या बायका आधीपासनंच घालतात.

अकरा पुड्या शिल्लक आहेत. कुणाला पाहिजे असतील तर इनबॉक्स करा, मासे खाणारं माणूस पाहिजे.