शंभरला बरोबर, म्हणून उणे तेवीसलाही बरोबर?

इन्फ्रारेड थर्मामीटर वस्तूला न शिवता, तिच्यातून निघणाऱ्या प्रारणावरून तिचं तापमान सांगतो. त्याच्या कॅलिब्रेशनवरच्या, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाशी त्याचं वाचन ताडून बघण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. बर्फाच्या पाण्यावर यंत्र रोखायचा सल्ला कच्चा आहे, हा एक. १०० अंशांना जुळवलेलं यंत्र गोठणबिंदूखाली चुकेल ही मी उगाच घातलेली भीती आहे, हा दुसरा.

पहिला बिनशर्त मान्य. यंत्राला फक्त वरचा थर दिसतो, आणि फ्रीजरमधून नुकता काढलेला बर्फाचा खडा शून्याच्या बराच खाली असतो. बर्फाचा चुरा पाण्यात गच्च भरायचा, त्यात आतून काळा मॅट रंग दिलेला पातळ पत्र्याचा खोल डबा बुडवायचा आणि यंत्राने त्या डब्याच्या आत बघायचं, असं लिहायला हवं होतं.

दुसऱ्या बाबतीत मात्र माघार नाही. तापमानावरून प्रारण सांगणारं सूत्र थंडीत आणि उष्णतेत एकच, कबूल. पण त्यात आकडे घालून बघा. उणे २३ अंशांच्या आदर्श कृष्णपृष्ठातून (म्हणजे काहीच परावर्तित न करणाऱ्या पृष्ठातून) दर चौरस मीटरला सुमारे २२१ वॉट निघतात, २७ अंशांच्या भिंतींतून ४५९. पृष्ठाची उत्सर्जकता (कृष्णपृष्ठाच्या तुलनेत ते किती प्रारण सोडतं ते प्रमाण) ०.९५ असेल तर त्याचे स्वतःचे २१० आणि भिंतींचे परावर्तित २३, मिळून २३३. उत्सर्जकता १ धरणारं यंत्र याला जवळपास उणे २० म्हणतं. तेच पृष्ठ १०० अंशांना ठेवलं तर ९७ दिसतं. चूक तेवढीच, पण उलट्या दिशेची! आता तुम्ही म्हणता तसा ऑफसेट, म्हणजे प्रत्येक वाचनात सरसकट मिळवायचा आकडा, तीन अंश वर सरकवून शंभर जुळवा. थंडीकडे यंत्र उणे १७ दाखवेल. चूक मिटली नाही, दुप्पट झाली.

त्यात दंव. उणे ३० अंशांची पोकळी (कॅलिब्रेशनसाठी यंत्राने जिच्या आत बघायचं ती) मी पहिल्यांदा उघडी ठेवली तेव्हा तिचं खरं तापमान मोजणारा आतला प्लॅटिनम सेन्सर जागचा हलत नव्हता आणि इन्फ्रारेडचा आकडा मात्र हळूहळू वर सरकत होता. डिटेक्टर बिघडला असं धरून अर्धा दिवस ऑफसेटशी झटापट केली. शेवटी टॉर्च मारला तर तळाशी पांढरी लव. गंमत म्हणजे दंवाची उत्सर्जकता उत्तम असते, तिथे तक्रार नाही. पण ते उष्णतेचं दुर्वाहक, त्यामुळे त्याचा वरचा थर हवेने ऊबदार होतो आणि यंत्र नेमका तोच बघतं. तेव्हापासून पोकळीत कोरड्या नायट्रोजनची हलकी धार सोडतो.

लेखातला बर्फाचा परिच्छेद आज बदलला आहे. तुमच्या यंत्राचं थंडीकडचं वाचन कळवलंत तर सोबत खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर त्या आकड्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.