बाभळीची गेटं, जायकवाडीचे ६५ टक्के

२९ ऑक्टोबर म्हणजे गोदावरीवरच्या, तेलंगणाच्या सीमेजवळच्या बाभळी बंधाऱ्याची गेटं टाकून पाणी अडवायचा दिवस. नांदेडच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषय निघणं अवघडच. तोंड फोडलं धर्माबादच्या दोस्तानं.

"१ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत गेटं वर. गोदावरी भरून वाहते तेव्हा आम्ही काठावर उभं राहून बघायचं. पाऊस गेला की म्हणे, अडवा आता. काय अडवू? वाळू?"

"सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तो, फेब्रुवारी २०१३ चा," वकील म्हणाला. "बंधारा टिकला हेच खूप समज. २.७४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, तुझं. त्यातला ०.६ खालच्या, तेलंगणातल्या पोचमपाड धरणाच्या बॅकवॉटरमधला, म्हणून तेवढा १ मार्चला खाली सोडायचा."

"टीएमसीवर कोण भांडायलंय? १९७५ च्या आंध्रबरोबरच्या करारातच पैठणच्या खाली, पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांना ६० टीएमसी लिहून दिलंत ना? पाणी दिलं अन् तारीख अशी बांधली, की कागदावरचं कागदावरच."

मला हे पटतं. वाटाघाटीत सगळे टीएमसीच्या आकड्यावर घसा कोरडा करतात. पाणी कधी अडवायचं, यावर मात्र शेतकऱ्याची रब्बी ठरते.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका इतका वेळ गप्प होते. "आता जायकवाडीचं, पैठणच्या धरणाचं बोला. १५ ऑक्टोबरला धरण ६५ टक्क्यांच्या खाली असलं, की नाशिक-नगरनं वरून पाणी सोडावं म्हणून आपण मोर्चे काढतो. तेव्हा आपण खालचे. बाभळीत आपण वरचे. मग समन्यायी वाटप फक्त पैठणलाच का?"

"काका, ते एका राज्यातलं आहे!"

"नाशिकचा शेतकरी काय म्हणतो माहितीये? माझ्या शिवारात पडलेला पाऊस, तुला का देऊ? तू तेलंगणाला वेगळं काय सांगायलास?"

धर्माबादकराकडे उत्तर नव्हतं. वकिलानं त्याची बाजू सावरली: पैठणपर्यंतचं पाणी त्याच करारानं महाराष्ट्राचं झालंय, म्हणून वरचं भांडण घरातलं. खरं आहे, पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे.

मग गाडी कृष्णेवर गेली. दुसरा लवाद २००४ ला नेमला, २०१० ला निवाडा आला, पुढच्या वर्षी कोर्टानं तो राजपत्रात छापायला मनाई केली आणि घोडं अडलं ते अडलंच. गोदावरीत मात्र राज्यांनी आपसात करार केले, बच्छावत लवादानं १९८० ला ते निवाड्यात घातले. २०१६ ला सुद्धा महाराष्ट्र-तेलंगणा समोरासमोर बसले: तुमडीहेटी बंधाऱ्याची उंची १५२ वरून १४८ मीटरवर आली, मेडीगड्डा बंधाऱ्याची १०० वर ठरली. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या शेतकऱ्याला त्या १०० मीटरचं कौतुक सांगायला मात्र जाऊ नये. त्याची जमीन बॅकवॉटरखाली गेलीय.

"मीटर कमी होतात, मग तारीख का हलत नाही?" धर्माबादकर पुन्हा मुद्द्यावर. "पोचमपाड भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की आम्हाला गेटं टाकू द्या. ते पाणी तसंही पुढंच जाणार."

"आणि वरून पूर आला तर? गेटं खाली असली तर पहिलं तुझंच रान पाण्यात."

"तर उचलू! त्यासाठीच गेटं असतात ना?"

"रात्री दोनला उचलायला कोण येणार?" काकांनी विचारलं. "आणि पोचमपाड भरलं हे कुणी सांगायचं? त्यांच्या मोजपट्टीवर तुझा विश्वास नाही, तुझ्यावर त्यांचा नाही. म्हणून तर त्रिसदस्यीय समिती आहे, केंद्रीय जल आयोगाच्या माणसासह. तारीख सगळ्यांना वाचता येते, म्हणून तारीख."

"मग समितीलाच पातळी मोजू द्या की."

वकिलाला हे पटलं. दोन्ही राज्यांनी मिळून कोर्टात जावं लागेल, एवढंच तो म्हणाला. तेलंगणा कशाला येईल, यावर पुढचा अर्धा तास गेला. बदल्यात त्यांना काय द्यायचं, हे विचारल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. १ मार्चला ०.६ ऐवजी जास्त सोडू, असं मात्र धर्माबादकराच्या तोंडून काही केल्या निघेना.