५२८ हर्ट्झच्या सुराने डीएनए दुरुस्त होत नाही

‘५२८ हर्ट्झ हा निसर्गाचा मूळ सूर आहे, तो रोज झोपताना ऐकला की शरीरातला बिघडलेला डीएनए आपोआप दुरुस्त होतो,’ अशा मथळ्याच्या आठ-आठ तासांच्या ध्वनिफिती यूट्यूबवर आहेत आणि त्यांचे दुवे व्हॉट्सॲपच्या गटांवर नित्यनेमाने फिरत असतात. (५२८ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५२८ कंपने.) सोबतचा मजकूर थोडाफार बदलतो, पण विधाने ठरलेली असतात. डीएनए सर्पिल असल्यामुळे तो अँटेनासारखा सूर पकडतो. मंत्रोच्चार ऐकवल्यावर परीक्षानळीतला डीएनए जास्त अतिनील प्रकाश शोषतो. जनुकशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हाच सूर वापरून डीएनए दुरुस्त करतात. या सुराने डीएनएभोवतीचे पाणी षटकोनी होते. ही वारंवारता प्राचीन आहे. आणि कर्करोगाच्या रुग्णांनी तर तो ऐकावाच. संगीत ऐकून मन शांत होते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘डीएनए दुरुस्त होतो’ या तीन शब्दांबद्दल, कारण हे शब्द वापरणाऱ्याने डीएनए कशाचा बनलेला असतो आणि त्यात नेमके काय बिघडते, याचा विचार केलेला दिसत नाही.

म्हणून आधी रेणूकडे पाहू. डीएनएचा मूळ घटक म्हणजे न्यूक्लिओटाइड. त्याचे तीन भाग असतात: पाच कार्बन अणूंची डीऑक्सिरायबोज ही शर्करा, एक फॉस्फेट गट आणि बेस म्हणून ओळखला जाणारा एक नायट्रोजनयुक्त रेणू. बेस चारच प्रकारचे आहेत. ॲडेनिन आणि ग्वानिन यांच्यात दोन जोडलेली वलये असतात, तर थायमिन आणि सायटोसिन यांच्यात एकच. शर्करा आणि फॉस्फेट एकाआड एक जोडले जाऊन लांब धागा तयार होतो आणि असे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी धावत, पीळ दिलेल्या शिडीसारखे एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात. शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे बेसची जोडी. ॲडेनिनसमोर थायमिन येते आणि त्यांच्यात दोन हायड्रोजन बंध असतात. ग्वानिनसमोर सायटोसिन येते आणि तिथे तीन असतात. दुहेरी वलयाच्या बेससमोर नेहमी एकेरी वलयाचा बेस येत असल्यामुळे शिडीची रुंदी सर्वत्र सारखी, सुमारे २ नॅनोमीटर राहते. ॲडेनिन आणि थायमिन, तसेच ग्वानिन आणि सायटोसिन यांचे प्रमाण जवळजवळ समसमान असते, हे एर्विन चारगाफ यांनी १९५० च्या सुमारास दाखवले होते. मे १९५२ मध्ये रोझालिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रात पिळाची खूण स्पष्ट दिसली. आणि एप्रिल १९५३ मध्ये जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी या सगळ्याचा मेळ घालणारी रचना प्रसिद्ध केली.

या रचनेत बिघाड होतो म्हणजे एखाद्या ठरावीक जागी एखादी ठरावीक रासायनिक घटना घडते. सायटोसिनचा अमिनो गट पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेत गळून पडतो आणि त्याचे युरॅसिल होते. ॲडेनिन किंवा ग्वानिन शर्करेपासून सुटून जाते आणि पायरी अर्धी रिकामी राहते. मानवी शरीराच्या एकेका पेशीत अशा घटना रोज हजारोंच्या संख्येने घडतात. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. यातल्या प्रत्येक बिघाडाची दुरुस्ती वेगळी असते, आणि ती कशी होते याचा उलगडा करणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यातले एकच उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ‘दुरुस्ती’ या शब्दात काय काय येते ते त्यावरून कळते. सायटोसिनच्या जागी युरॅसिल आले की ते ओळखणारे एक विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामे घडवणारे प्रथिन) धाग्यावरून चाचपत पुढे सरकते, संशयित बेस पिळाच्या बाहेर वळवून स्वतःच्या खोबणीत बसतो का ते पाहते आणि बसला तर तो शर्करेपासून तोडून टाकते. दुसरे विकर त्या जागी धागा कापते. तिसरे समोरच्या धाग्यावर ग्वानिन आहे हे ‘वाचून’ रिकाम्या जागी नवे सायटोसिन बसवते. चौथे विकर कापलेली टोके सांधते. यातले पहिले विकर लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधले. म्हणजे चूक ओळखणे, दोन धाग्यांपैकी खरा कोणता ते ठरवणे, चुकीचा भाग काढणे, योग्य भाग बसवणे आणि टाका घालणे, इतकी कामे झाल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. एकाच वारंवारतेचा सलग सूर यातले एकही काम कसे करतो, हे तो संदेश कुठेच सांगत नाही. कुठले अक्षर, म्हणजे कुठला बेस, चुकले आहे ही माहिती त्या सुरात नाही आणि असूही शकत नाही.

आता अँटेनाचे विधान. अँटेना विद्युतचुंबकीय लहरी पकडते. ध्वनी ही माध्यमातल्या दाबाची लहर आहे, त्यामुळे इथे तुलनाच मुळात चुकली आहे. पण तेही सोडून देऊ. हवेतून पाण्यासारख्या माध्यमात शिरताना ध्वनीच्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग आत जातो, बाकीचा परतवला जातो, आणि आपली त्वचा व तिच्याखालच्या ऊती या बाबतीत पाण्यासारख्याच आहेत. जो अंश आत शिरतो, त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. त्याला ५२८ ने भागले की तरंगलांबी निघते साधारण २.८ मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षाही जास्त. पेशीचे केंद्रक काही मायक्रोमीटरचे आणि डीएनएची रुंदी २ नॅनोमीटरची. इतक्या लांब लहरीच्या दृष्टीने संपूर्ण केंद्रकावरचा दाब कोणत्याही क्षणी सारखाच असतो. ॲडेनिनला एक आणि थायमिनला दुसरे, असा भेद करायला तिला वावच नाही. शिवाय पेशीतला डीएनए मोकळ्या स्प्रिंगसारखा ताठ उभाही नसतो. साधारण १४७ जोड्यांचा एकेक तुकडा हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती पावणेदोन वेढ्यांपेक्षा थोडा कमी गुंडाळलेला असतो, आणि जवळपास दोन मीटर लांबीचा ऐवज अशाच घड्या घालून केंद्रकात मावलेला असतो. चित्रातली ती सुबक गोल जिन्यासारखी आकृती रचना समजावी म्हणून काढलेली असते. पेशीत तसा सुटा मनोरा उभा नसतो.

अतिनील प्रकाशाचे विधान मात्र थोडे थांबून पाहायला हवे. संपूर्ण संदेशात प्रयोगासारखे दिसणारे हे एकच वाक्य आहे आणि नेमके तेच संदेशाच्या विरोधात जाते. डीएनएचे बेस २६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतात, हे खरे. पण दोन धागे एकत्र असताना बेस एकावर एक असे घट्ट रचलेले असतात आणि त्या रचनेमुळे ते एकूण प्रकाश कमी शोषतात. डीएनएचे द्रावण तापवत नेले की हायड्रोजन बंध तुटतात, रचलेले बेस विस्कटतात, धागे वेगळे होतात आणि शोषण ४० टक्क्यांच्या जवळपास वाढते. कोणत्या तापमानाला धागे सुटतात, हे प्रयोगशाळेत याच वाढीवरून मोजतात. ग्वानिन-सायटोसिनच्या जोड्या जास्त असतील तर ते तापमान चढे निघते, कारण त्या जोड्या जास्त घट्ट रचल्या जातात. म्हणजे मंत्र ऐकवल्यावर शोषण खरोखरच काही टक्क्यांनी वाढले असे क्षणभर धरले, तरी त्याचा सरळ अर्थ धागे सैल पडले असा होईल, दुरुस्त झाले असा नव्हे. द्रावण किंचित गरम झाले, त्यातल्या मिठाचे प्रमाण बदलले किंवा नळीतले थोडे पाणी उडून गेले, तरी आकडा हलतो. आणि जास्त अतिनील प्रकाश शोषणे ही डीएनएची ‘क्षमता वाढल्याची’ खूण मानावी, हे तर अजबच. थायमिन एकमेकांना चिकटतात ते याच शोषणामुळे.

जनुकशास्त्रज्ञ ध्वनी वापरतात, हेही अर्धे खरे आहे. वापरतात, पण डीएनए तोडण्यासाठी. बेसचा अनुक्रम वाचण्याआधी लांबलचक डीएनएचे काही शे जोड्यांचे तुकडे करावे लागतात आणि त्यासाठी २० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कितीतरी जास्त वारंवारतेचा श्राव्यातीत ध्वनी द्रावणात सोडतात. त्याने सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या धक्क्यांनी धागे तुटतात. हे काम करताना नळी बर्फात ठेवतात, कारण द्रावण तापते. या कामाला लागणारी तीव्रता मोबाइलच्या स्पीकरमधून निघणे शक्य नाही, त्यामुळे ५२८ हर्ट्झ ऐकणाऱ्यांनी घाबरण्याचेही कारण नाही.

षटकोनी पाण्याबद्दल थोडक्यात. पाणी आणि डीएनए यांचा संबंध खरोखर जवळचा आहे. कोरडेपणा वाढला की डीएनएचा पीळ आखूड आणि जाड होतो, ओलावा मिळाला की तो परत लांबतो. फ्रँकलिन यांनी हे दोन प्रकार वेगळे ओळखले म्हणूनच ते प्रसिद्ध चित्र इतके स्वच्छ आले. ॲडेनिन-थायमिनच्या सलग जोड्या असतील तिथल्या अरुंद खाचेत पाण्याचे रेणू ओळीने बसलेलेही आढळतात. मात्र द्रवरूप पाण्यातला एकेक हायड्रोजन बंध सेकंदाच्या लक्षकोटीव्या भागाच्या आसपास टिकतो आणि मोडतो. सुराचे एक कंपन पूर्ण व्हायला सुमारे दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हे बंध अब्जावधी वेळा बदललेले असतात. टिकाऊ षटकोनी रचना पाहायची असेल तर ती बर्फात आहे.

राहता राहिले प्राचीनत्व. हर्ट्झ हे एकक एकोणिसाव्या शतकातल्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या नावाने १९३० मध्ये स्वीकारले गेले. त्याचा आधार सेकंद आहे आणि सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, हा माणसाने केलेला हिशेब. दिवसाचे भाग घटिका-पळांत मोजले असते तर याच सुराला दुसराच आकडा मिळाला असता. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो द’आरेत्सो यांनी स्वरांना नावे दिली, पण कंपने मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. ५२८ हा आकडा आला तो अमेरिकेतल्या जोसेफ प्युलिओ यांच्याकडून. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील वचनांच्या क्रमांकांचे अंक एकमेकांत मिळवून त्यांनी तो काढला आणि लेनर्ड हॉरोविट्झ यांच्यासोबत १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा प्रसार केला. आपल्याकडे भजनाला बसणाऱ्यांनी एक गोष्ट ताडून पाहावी. ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर लावलेल्या पेटीत पांढरी एकचा तार षड्ज ५२३.२५ हर्ट्झवर असतो. ५२८ आणि त्याच्यातला फरक अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका भरतो. पेटी जराशी चढली तरी तेवढा फरक पडतो. त्यातून आपल्या संगीतात षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, कुणाची काळी एक तर कुणाची काळी चार. मंत्रांना एकच ठरावीक वारंवारता चिकटवणे त्या परंपरेलाही धरून नाही.

या सगळ्याला उत्तर म्हणून हल्ली एक जपानी अभ्यास पुढे केला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नऊ जणांना ५२८ हर्ट्झवर जुळवलेले संगीत ऐकवून त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉलसारखी ताणाशी संबंधित संप्रेरके मोजली होती. नऊ जणांवरून फार काही ठरत नाही, पण मुख्य मुद्दा तोही नाही. त्यात ताण मोजला होता, डीएनए तपासलाच नव्हता.

शेवटचा सल्ला कर्करोगाच्या रुग्णांसाठीचा, आणि तो इतरांसारखा हसून सोडून देण्याजोगा नाही. किरणोपचारात गाठीतल्या पेशींचा डीएनए मुद्दाम तोडला जातो, जेणेकरून त्यांना विभाजन करता येऊ नये. सिसप्लॅटिन हे जुने आणि आजही वापरले जाणारे औषध शेजारच्या दोन ग्वानिनना एकत्र जखडते, तेही याच हेतूने. ओलापॅरिबसारखी नवी औषधे तर थेट दुरुस्तीच्या यंत्रणेलाच अडवतात. ज्या गाठींत बीआरसीए जनुकातल्या दोषामुळे दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद असतो, त्यांचा दुसरा मार्गही या औषधाने बंद होतो आणि पेशी मरतात. तेव्हा संदेशातला सूर खरोखरच शरीरातल्या प्रत्येक पेशीचा डीएनए दुरुस्त करत असता, तर उपचार चालू असलेल्या रुग्णाला तो ऐकवण्यास कर्करोगतज्ज्ञांनी सक्त मनाई केली असती.